चॉकलेटची चांदी

प्रिय तुणतुण्या,

गेल्या महिन्यात तुझ्या लेकीनं फोनवर विचारलं, "आत्या, आजोबांच्या दुकानात बाबांचा जुना अँप्लिफायर आहे का गं अजून? मला त्यावर गिटार वाजवायचीय." मी म्हटलं, आहे की. मग फोन तू घेतलास आणि म्हणालास, "ताई, जळकं खोकं ते, भंगारात दे." तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी मात्र तुझ्या सर्दीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

खोकं माळ्यावरून उतरवलं. धूळ झटकल्यावर पाठीमागे तू चिकटवलेला लाल तारा दिसला, एक टोक तुटलेला. जळालेला ट्रान्सफॉर्मर नव्या तारेनं भरून आणला, बसवला, नवा फ्यूज घातला आणि बटण दाबलं. फट्. दुसरा घातला. फट्. नाना काउंटरवर स्क्रू निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तिसरा घालू नकोस. तो सांगतोय ते ऐक." त्यांचं हे वाक्य तुला आठवत असेल. घरात कुणी रडायला लागलं की तू म्हणायचास, "फ्यूज उडाला रे, कुठंतरी शॉर्ट आहे!" आणि रडणारं माणूसही हसायचं. रडणारी बहुतेक वेळा मीच असायचे.

इतकी वर्षं हे काम करून मी परत तीच घाई केली होती. मग मात्र रीतीनं बसले. काचेचे दोन्ही मोठे व्हॉल्व्ह काढले आणि वायरीत घरातला साधा बल्ब जोडला. कुठं शॉर्ट असेल, तर फ्यूज वाचतो आणि बल्ब भगभगतो. बल्ब जरासा मिणमिणला. पहिला व्हॉल्व्ह बसवला, तरी तसाच. दुसरा बसवला आणि बल्ब असा पेटला की नानांनीही वळून पाहिलं. त्या व्हॉल्व्हची काच अगदी स्वच्छ होती रे, बघून कुणाला शंका येऊ नये. अर्धा तास लागला नाही सगळ्याला.

एकोणीस वर्षांपूर्वी तो अर्धा तास माझ्याजवळ होता. तुझ्या स्पर्धेचा दिवस. नाना डोळे तपासायला गेले होते आणि जाताना बजावून गेले होते, की व्हॉल्व्ह तपासायचाय, मी आल्याशिवाय खोकं देऊ नकोस. तू दुपारीच आलास, मला लाच म्हणून चॉकलेट घेऊन. "ताई, सहाला पोचायचंय, झालं ना?" तू मित्रांना सांगायचास, माझी बहीण रेडिओ उघडते, तुमच्या बहिणींना साधा प्लग बसवता येत नाही. मला त्या दिवशी त्या फुशारकीला साजेसं व्हायचं होतं. तू पुढच्या खोलीत गिटारच्या तारा जुळवत होतास. आत फ्यूज उडाला, उरलेला शेवटचाही उडाला. मी तुझ्या चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी त्या उडालेल्या फ्यूजवर गुंडाळली आणि दाबून बसवली. खोकं सुरू झालं. तू एक सूर वाजवलास, टेबलाभोवती नाचलास, आणि निघताना विचारलंस, "नानांनी बघितलंय ना?" मी म्हटलं, "हो, त्यांनीच केलंय." माझ्या एकटीच्या शब्दावर तू ते नेलं नसतंस, हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या गाण्यात धूर निघाला. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तू ते जळकं खोकं दुकानात आदळलंस आणि दोन गिऱ्हाइकांसमोर आपल्या वडिलांना म्हणालास, "हात थरथरतात तर घरी बसा ना नाना! लोकांच्या वस्तू कशाला जाळता?" नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी फडक्यानं एक रेडिओ पुसत होते, आधीच पुसलेला. मग ते तुला म्हणाले, "चुकलं माझं."

त्यानंतर त्यांनी हत्यारांना हात लावला नाही. मनगट टेबलावर टेकवून ते अजून सुरेख काम करत होते, थरथर असूनही. दुकान मला मिळालं ते असं. तू घर सोडलंस तेही असंच. आता वर्षातून दोनदा तुम्ही फोनवर "बरे ना?" "बरा," एवढं बोलता आणि फोन माझ्याकडे येतो. मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली, की नानांना वाटलं असेल आपणच ते काम केलं आणि विसरलो. बघ, स्वतःला वाचवायला मी त्यांना विसरभोळंही करून टाकलं.

आपल्या दुकानाची पद्धत तुला माहीत आहे. प्रत्येक वस्तूच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायची: बिघाड काय, कशामुळे झाला, चूक कुणाची, खाली सही. तुझ्या खोक्यात चिठ्ठी आहे, हे झाकण उघडताच दिसलं होतं. अक्षरही ओळखलं. पण काम संपेपर्यंत ती वाचायचा धीर झाला नाही. तू भांडून गेलास त्याच दिवसाची तारीख आहे. "फ्यूजवर चांदी गुंडाळलेली. व्हॉल्व्ह तपासायचा राहिला. चूक माझी, शिकवायला कमी पडलो." खाली नानांची वेडीवाकडी सही, आणि तिच्याशेजारी टेपखाली ती चांदी, नखानं सपाट केलेली.

रविवारी तू लेकीला घेऊन खोकं न्यायला येणार आहेस, त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं. फोनवर सांगितलं असतं तर तू "जाऊ दे ताई" म्हणाला असतास आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. नानांच्या चिठ्ठीखाली मी माझी चिकटवली आहे, माझ्या सहीची. बटण दाबण्याआधी झाकण उघड आणि दोन्ही वाच. मग काउंटरवर जा. नाना दहा वेळा निवडलेले स्क्रू पुन्हा निवडत असतील, ते तुझी वाट बघत असल्याचं लक्षण. तू तुझं बोल. मी माझं तुझ्या लेकीसमोर बोलणार आहे, आणि तेव्हा माझ्या हातात फडकं नसेल.

तुझीच,
सही करायला एकोणीस वर्षं लावणारी
ताई