डोळा लागताना

फाल्गुन वद्य ४, शके १८६५

काल परत अंग उडालं. डोळा लागतच होता — पायरी चुकावी तसं झालं आणि माझी लाथ ह्यांच्या पोटरीवर बसली. हे उठून बसले. "पार्वती, मला दिवसभर दुकानात उभं राहायचं असतं. एक रात्र तरी धड झोपू दे." उशी काखेत मारली आणि पलीकडच्या खोलीत गेले. तिच्या.

मी बराच वेळ कान लावून होते. तिकडून काही आवाज नाही. दोघंही झोपली असणार.

फाल्गुन वद्य ५

आज सगळं नेहमीसारखं. ज्वारीची पोती आली, माप झालं, भाकरी झाल्या. रात्री ह्यांनी माझ्या दाराकडं पाहिलंसुद्धा नाही.

आज माझ्याकडं यायची पाळी होती.

फाल्गुन वद्य ८

कळलं. शरणम्माला दिवस गेलेत. सासूबाईंनी, अव्वांनी, सकाळी देवापुढं साखर ठेवली आणि मला म्हणाल्या, "तोंड गोड कर." केलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी कूस उजवली नाही, म्हणून मागच्या सालात आळंदकडची ही पोरगी सवत म्हणून आणली. "तूच तर व्हय म्हणलीस," असं घरात जो तो मला सांगतो. म्हटलं होतं. न्हाय म्हटलं असतं तर कोण थांबणार होतं?

दुपारी ती ओसरीवर भिंतीला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. तोंड थोडं उघडं, माशी गालावर. अव्वा म्हणाल्या, "कशी निवांत झोपती बघ पोर. पोटुशीनं असंच झोपावं." तिच्या झोपेचंसुद्धा कौतुक! मला तिचं पोट सोसतं. तिची झोप सोसत नाही.

फाल्गुन वद्य १२

जमिलाबी बांगड्या भरायला आली होती. तिच्यापाशी बोलले. माझा हात दाबत, बांगडी चढवत ती म्हणाली, "मेरे मरद को भी होता था बाई. झोपेतच घोड्यावरून पडायचा, अन् घोडा कधी बघितला न्हाय त्यानं." हसू आलं. मग म्हणाली, "चहा सोड. सोलापूरचं खूळ हाय ते. तळपायाला तेल चोळ. दर्ग्याचा धागा आणून देते."

शरणम्मानं हिरव्या बांगड्या भरल्या. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, चांगल्यातल्या भर. माझ्यासाठी काही सांगून ठेवलं नव्हतं. मी माझ्या मनानं लाल घेतल्या.

फाल्गुन वद्य १३

चहा सोडला. साखर तशीही मिळत नाही, लढाई चालू आहे. डोकं ठणकतंय.

चैत्र शुद्ध २

रात्री जायफळ उगाळून दुधातून घेतलं. मठातल्या स्वामींनी दिलेलं भस्म कपाळाला लावलं. जमिलाबीचा धागा पायात. आता अंगावर बांधायला आणि पोटात घालायला काही उरलं नाही.

तरी उडालं. दोनदा. दुसऱ्या वेळी हातातल्या बांगड्या भिंतीवर आपटल्या आणि मीच माझ्या आवाजानं घाबरले.

चैत्र शुद्ध ७

उकाडा फार. आजपासून आम्ही बायका माळवदावर झोपणार, हे खाली दुकानाच्या फळीवर. शरणम्मालाही अव्वांनी वरच झोपायला सांगितलं — पोटुशी बाई आता आमच्यात. तेवढंच बरं वाटलं. माझ्या खोलीत नाहीत तर तिच्याही नाहीत.

सगळं माळवद मोकळं पडलेलं. आणि बाईसाहेबांनी वाकळ कुठं टाकली? माझ्या शेजारी! अव्वांच्या पलीकडं जागा होती. तिकडं जा म्हणणार होते. पण अव्वा बघत होत्या.

चैत्र शुद्ध ८

अंग उडालं तेव्हा माझं कोपर तिला लागलं असावं. कानडीत पुटपुटली, "मलग्री, अक्का." झोपा म्हणे. कोण कुणाला सांगतंय! माझ्या आधी डोळे मिटून पडली होती ती, श्वास कसा एकसारखा. मी चांदण्यांकडं बघत राहिले. ही कशी झोपते? माझं सगळं घेतलं, वर झोपही माझ्या वाटची घेतली काय?

चैत्र पौर्णिमा

झोपले!

कोंबडं आरवलेलंसुद्धा ऐकू आलं नाही. अव्वा खाली गेलेल्या, शरणम्मा खाली गेलेली. मी एकटी माळवदावर आणि तोंडावर ऊन. कधी डोळा लागला ते कळलंच नाही.

चैत्र वद्य ३

परत झोपले. चहाचाच दोष होता. जमिलाबीला नवं लुगडं दिलं पाहिजे.

चैत्र वद्य ९

आता रोजच झोपते. भूक लागते. भाकरी करताना गुणगुणले, तर अव्वांनी वळून पाहिलं. मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं ते अंग उडायचं पार गेलं बघा." लेकाच्या कानावर त्या घालतीलच. मी आपल्या तोंडानं कसं सांगू?

उलट ती मात्र आता दिवसभर पेंगते. आज जात्यावर बसली, खुंटा हातात आणि मान छातीवर. मी जरा मोठ्यानंच म्हणाले, "रात्रभर लोळूनसुद्धा झोप पुरत न्हाय वाटतं." अव्वा म्हणाल्या, "असू दे ग." शरणम्मा हसली नुसती. पीठ मी दळलं.

वैशाख शुद्ध ३

बसवजयंती. हे सोलापूरहून दोन लुगडी घेऊन आले. तिचं जांभळं, जरीच्या काठाचं. माझं विटकरी. चांगलं आहे. पोत चांगला आहे. पण दोन्ही गाठोड्यातून निघाली तेव्हा ह्यांचा हात आधी जांभळ्याकडं गेला. मी पाहिलं.

मात्र जेवताना म्हणाले, "झोप लागती म्हणं तुला आता." एवढंच. दिवसभर तेवढं एक वाक्य मनात घोळवत राहिले. माझ्या वयाच्या बाईला शोभत नाही.

ज्येष्ठ वद्य १०

माळवदावर माती अंथरायची म्हणून आम्ही मधल्या घरात आलोय. इथंही ती माझ्या शेजारी. चिकटपणा तरी किती! पण झोप लागते, मग कुणीही शेजारी असो.

हे मला म्हणाले, "शरणम्मा माहेरी गेली की तुझ्या खोलीत बाज टाकून घेऊ." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चूल फुंकली.

आषाढ शुद्ध ५

गेली. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला होता, बाळंतपण आळंदला.

ओटी भरायची वेळ आली तेव्हा अव्वा शेजारच्या लेकुरवाळीला बोलवायला निघाल्या. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. तर ही म्हणाली, "अक्काच भरतील." भरली मी. तांदूळ सांडले थोडे. जाताजाता मोठं मन दाखवून गेली! आता गल्लीभर हिचं नाव निघेल.

गाडीत बसताना माझ्या पायाला हात लावून रडली. पाय सोडेना. गाडीवान हसायला लागला. शेवटी मीच म्हटलं, "ऊठ, उशीर होतोय."

आषाढ शुद्ध ६

खोली सारवून घेतली. विटकरी लुगडं नेसले. हे आले, खूप दिवसांनी गप्पा मारल्या. सरकार धान्याची लेव्ही वसूल करतं त्याचं बोलले, तहसीलदाराच्या खोड्या सांगितल्या. मी हसत होते. त्यांचा डोळा लागला. मग माझा लागत होता —

उडालं. पूर्वीपेक्षाही जोरात. हे म्हणाले, "गेलं म्हणत होतीस ना?" रागावून नाही म्हणाले. उशी घेतली आणि दुकानात गेले.

आषाढ शुद्ध ७

चहा नाही. जायफळ घेतलं. तेल चोळलं. धागा पायात आहे. काही चुकलेलं नाही.

उडालं.

आषाढ शुद्ध ८

परत. हे आता बिछाना दुकानातच घालून घेतात, मला विचारतही नाहीत. ती आळंदला तंगड्या ताणून झोपली असेल. जाताना काही करून गेली काय माझ्यावर? असलं मनात येतं. येऊ नये, पण येतं.

आषाढ शुद्ध १०

अव्वांनाच विचारलं — मी एवढे दिवस झोपत होते, आता काय बिघडलं? त्या वाती वळत होत्या. हात थांबला त्यांचा.

"अग, ती पोर तुझ्या पायावर हात ठेवून बसून असायची. अंग उडायला लागलं की दाबून धरायची. माहेरी आजीला असंच करायची म्हणं. तुझा श्वास लांबला की मग आडवी व्हायची, कधी पहाटंला. म्या म्हणलं, पार्वतीला सांगते. न्हाय म्हणाली. अक्का हात झटकतील म्हणाली."

झटकलाच असता.