श्रीवास्तवबाईंचा चहा

मानक नगर, लखनौ
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय वसुधाताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही इथे बरे आहोत, निदान तब्येतीने तरी. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहितेय.

ताई, या गावाला मी वैतागले आहे. इथे कुणी सरळ ‘नाही’ म्हणत नाही आणि ‘हो’ म्हटलं तरी त्याचा काही नेम नाही. नळवाल्याला विचारलं, येणार का, तर “बिल्कुल आएँगे, भाभीजी.” अजून उगवलेला नाही. शेजारीण दारात उभी राहून “अच्छा, चलते हैं” म्हणत अर्धी संध्याकाळ खाते. जगदीशच्या नोकरीपायी इतकी वर्षं इथे काढली, पण मी आपली मिरजेचीच राहिले.

असो. गेल्या रविवारी अनीशचे आईवडील आले होते. अनीश म्हणजे अंतराच्या ऑफिसातला, श्रीवास्तवांचा मुलगा. ‘नुसता मित्र आहे’ असं तुला सांगितलं होतं ना? नुसता नाहीये.

मंडळी जरा लवकर आली. अंतरा कचोऱ्या आणायला गेलेली, जगदीश आणि ते गृहस्थ रेल्वेच्या गप्पांत बुडालेले. मी विचारलं, “चाय लेंगे?” बाई म्हणाल्या, “अरे नहीं, तकल्लुफ़ मत कीजिए.” म्हणजे उगाच त्रास घेऊ नका. मी म्हटलं, बरं. आणि बसून राहिले. थोड्या वेळाने ते उठले. अंतरा आली तेव्हा त्यांची गाडी फाटकाबाहेर पडत होती.

“मम्मी, आपने चाय तक नहीं पिलाई?”

“त्याच नको म्हणाल्या.”

“यहाँ ऐसे ही मना करते हैं! आपको पता है!”

दार आपटलं तिने. दुसऱ्या दिवशी अनीशकडून कळलं, त्याच्या आईचं म्हणणं, मुलीकडच्यांना हे लग्न नकोच आहे, त्यांनी तसं न बोलता सांगितलं.

खरं सांगू? मला माहीत होतं. शेजारणींपुढे ट्रे नेऊन “लीजिए ना” करायला मी कधीच शिकलेय. पण त्या बाई ‘नहीं’ म्हणाल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मेमध्ये जगदीश रिटायर होतील, आम्ही मिरजेला येऊ. अंतरा येणार नाही. हे मी कुणापाशी बोलले नव्हते, जगदीशपाशीही नाही.

काल एकटीच जुन्या लखनौत, चौक भागातल्या त्यांच्या घरी गेले. पाणी आलं. मग बाईंनी विचारलं, “चाय लेंगी?” मी सवयीने म्हटलं, “नहीं नहीं.”

“जैसी आपकी मर्ज़ी,” म्हणाल्या आणि गप्प!

ताई, असा संताप आला, आणि हसूही. मग माझ्या मोडक्या हिंदीत सरळच सांगून टाकलं, “बहनजी, उस दिन मैंने जानबूझकर चाय नहीं बनाई. हम लोग लौट जाएँगे, लड़की यहीं रह जाएगी. इसलिए. अनीश में कोई खोट नहीं है.”

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “हमारी बिटिया ब्याहकर बंगलौर गई, तो हमने साल भर दामाद से सीधे मुँह बात नहीं की.” आणि आत हाक मारली, चहा टाकायला. इतका गोड चहा, ताई, दात शिवशिवले. प्याले मुकाट्याने.

त्या चहावरच ठरलं, लग्न फेब्रुवारीत. मुहूर्त रात्रीचा, उघड्या मैदानात, ऐन थंडीत! अक्षता टाकायला कोण जागं राहणार? मी दुपारचं म्हणतेय, त्या “हाँ हाँ, देख लेंगे” म्हणतात. म्हणजे रात्रीच. अंतरा माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. तिचं काही चुकत नाही.

तू आठवडाभर आधी ये. मंगलाष्टकं इथे कुणाला येत नाहीत. आणि पाठवणीच्या वेळी मला मराठीतून ‘गप्प बस’ म्हणणारं कुणीतरी हवं.

तुझी, अंतराला इथेच ठेवून येणारी,
कौमुदी