कापडाची कात्री

८ जुलै

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहिते. शिवणाच्या दुकानातला कॉम्प्युटर तू काय मंतरून ठेवला आहेस? साधा कॅलेंडरचा प्रोग्राम टाकायला गेले, तर परवानगी नाही म्हणतो. नमुने माझे, यंत्र माझं, आणि मी मालकीण असून नसल्यासारखी! कटिंग मास्तर मिशीतल्या मिशीत हसतात. त्यांना नमुने नुसते बघता येतात, बदलता येत नाहीत, ते मात्र छान केलंस. सगळे अधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड मुकाट्याने कळव.

तुझी रागावलेली,
मावशी

१२ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

राग पोचला. ते खातं तुला रोजच्या कामाला मुद्दाम दिलं नाही. एखादा लबाड प्रोग्राम चुकून उघडला, तर उघडणाऱ्याचेच अधिकार त्याला मिळतात. तुला सगळं पुसता आलं, तर त्यालाही येईल. म्हणून ठरवून दिलेलेच प्रोग्राम तिथे चालतात. मीसुद्धा माझ्या कॉम्प्युटरवर साध्या खात्यातूनच काम करते. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, हा नियम तूच केलास आणि तूच सगळ्यांत जास्त पाळतेस. हे तसंच.

तरी हट्टच असेल तर रविवारी येऊन पासवर्ड देते, दुकान तुझं आहे. पण तुझे जन्मभराचे नमुने जातील या भीतीने माझा जीव खालीवर होतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारूताई

१६ जुलै

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

काल एक गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन आलं. त्यात नाटकाच्या पोशाखाचं चित्र आहे म्हणालं. उघडायला गेले, तर पुन्हा परवानगी नाही! मी तुझ्या नावाने खडे फोडले. पासवर्ड असता तर तिथल्या तिथे घातला असता, खोटं कशाला बोलू? गिऱ्हाईक शेजारच्या भरतकामवाल्याकडे गेलं. त्याच्या कॉम्प्युटरने ते निमूट उघडलं. ते चित्र नव्हतंच, तू म्हणतेस तसला लबाड प्रोग्राम होता; संध्याकाळी त्याची कॉम्प्युटरवरची एकही नक्षी उघडेना. बिचारा डोकं धरून आमच्या पायरीवर बसला होता.

मी आत येऊन आपले नमुने एकेक उघडून पाहिले. सगळे जागच्या जागी, अगदी तुझ्या पहिल्या फ्रॉकचासुद्धा. डोळे भरून आले ग.

पासवर्ड सांगू नकोस. मी हट्ट केला तरी नाही. रविवारी मात्र ये, आणि त्या भरतकामवाल्यासाठी थोडा वेळ काढ.

आहेस तशीच राहा.

तुझी,
मावशी

ता. क. कॅलेंडर कागदाचंच आणलं. कागदाच्या कात्रीने कडा कापून कॉम्प्युटरशेजारी लावलं, आणि रविवारवर खूण केली आहे.