लिफ्ट धरत नाही

२ डिसेंबर, सोमवार

ट्रॅक्टरखाली ऑइलचं थारोळं! नांगर वर घेतला, लिव्हर सोडला, तर तो हळूहळू, गुडघे धरून खाली बसणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, जमिनीला टेकला. तीनदा करून बघितलं. तीनदा खाली. लिफ्ट धरतच नाही.

आत्ताच व्हायचं होतं का हे? गेल्या वर्षी गणेशचवथीत ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वायंगण, पावसाळ्यानंतरचं भात, पडच राहिलं. आता यंदाही राहिलं तर संपलं. आमच्या वाड्याचा, सगळ्या वस्तीचा नियमच आहे — लागोपाठ दोन वर्षं शेत पड ठेवलं की पाण्याची पाळी गेली. पाटाचं तोंड चिखलाने बुजवतात आणि पाळी शेजारच्याला देतात. मग कपाळ फोडून घेतलं तरी परत मिळत नाही. बारा तारखेला सकाळी पाणी सुटणार. त्याच्या आत नांगरलेलं दिसलं पाहिजे.

दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा, तर सगळ्यांना हेच दहा दिवस. सांखळीचा भाडेवाला फोनवर हसला. म्हणे वीस तारखेनंतर बघूया.

सगुण येऊन बघून गेला. दीर म्हणून पाणी विचारलं, तर म्हणतो, "वयनी, ट्रॅक्टर म्हळ्यार पापड लाटप न्हय. शेत म्हाका अर्देलीन दी." पिकाच्या अर्ध्या वाट्यावर शेत हवंय त्याला! मी तोंडावर हसले. मेला!

३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ह्यांची खुर्ची खोपीत, ट्रॅक्टरच्या बाजूला आणून ठेवली. म्हटलं, दाखवा. चौऱ्याण्णव सालचा ट्रॅक्टर, तीस वर्षं दुसऱ्याला हात लावू दिला नाही. सगळं ह्यांच्या डोक्यात आहे, आणि बाहेर येतं ते फक्त "आं".

आधी सगळा खालचा भाग डिझेलने धुतला. इतका मळ की गळतंय कुठून ते कळेना. मग चालू केला आणि बॅटरी घेऊन खाली आडवी झाले. हे काठीने दाखवतायत — मी म्हणते हे? "आं!" मग हे? "आं!!" मी चिडले, हे चिडले, काठी आपटली. शेवटी सापडलं. लिफ्टचे दोन हात ज्या दांड्यावर बसतात, त्याच्या उजव्या टोकातून पाझरतंय.

हे आज पेज दोनदा मागून घेऊन जेवले.

४ डिसेंबर, बुधवार

डिचोलीच्या गॅरेजमधून आनंदा आला. मूळ बेळगावकडचा. दांडा बाहेर काढला आणि आतली रबराची रिंग माझ्या तळहातावर ठेवली — वाळक्या भेंडीसारखी कडक. "वैनी, ओरिंग मेलाय की ह्यो. कधीचा मेलाय." नवी घातली, ऑइल भरलं. नांगर अर्धा तास वर राहिला, बोटभर हलला नाही! नाचायचीच बाकी होते. पण तोवर काळोख पडला, आणि उद्या बांध.

५ डिसेंबर, गुरुवार

व्हाळाला, म्हणजे वाड्याच्या ओढ्याला, बांध घालायला दिवसाआड घरटी एक माणूस. न गेल्यास त्यानेही पाळी जाते. दरवर्षी हे जायचे, आज मी. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात दगड आणि पेंढ्यांचे भारे हातोहात पुढे देत उभी. शेजारची सुशीला काठावरून ओरडली, "गे, नवऱ्याचो ट्रॅक्टर, नवऱ्याचो बांध, आता मिशी तेवडी दवर!" सगळे हसले. मीही हसले. खूप महिन्यांनी.

घरी आले तर खाली ऑइल. दुसऱ्याच जागी!

६ डिसेंबर, शुक्रवार

पंपाखालच्या पाइपचा नट ढिला. एवढंच. आवळला. हे हातभर अंतरावर बसून बघत होते.

गळालेलं भरून काढायला डिचोलीला ऑइल आणायला गेले. पहिल्या दुकानात संपलेलं, दुसऱ्यात मालक जेवायला गेलेला. यायला संध्याकाळ झाली. बघते तर नट पुन्हा ओला. पुन्हा आवळला. माझ्या हातातच जोर नाही की काय?

७ डिसेंबर, शनिवार

बांधावर. परत आले. गळतंय.

८ डिसेंबर, रविवार

आनंदा सुट्टी असून आला, देव त्याचं भलं करो. तांब्याचा वायसर बदलला, नट स्वतः आवळला, पान्याला पाइप लावून. "आता म्हस बांधली तरी सुटत नाही बघा वैनी." दिवसभर आम्ही तिघं खोपीत. मी ह्यांना दर गोष्ट विचारत होते — हे आधी का ते? ह्यांनी मान हलवली की आनंदा तसंच करायचा. एकदा आनंदा चुकला आणि हे हसले. आवाज करून हसले! झटक्यानंतर पहिल्यांदा. मला क्षणभर वायंगणाचाच विसर पडला.

९ डिसेंबर, सोमवार

बांधाचा शेवटचा दिवस. दुपारी सगळ्यांनी मिळून वरचे दगड लावले, नारळ फोडला. पाणी तटलं, वर चढायला लागलं. सगळे खूश. मी तशीच घरी धावले.

आणि खोपीत शिरले — सगळं ऑइल जमिनीवर.

रडले. चाकाला टेकून, तोंडात पदर कोंबून रडले. देवा सप्तकोटेश्वरा, तुझ्या दारात राहते आणि तू मला असं नाचवतोस? ओरिंग नवा, वायसर नवा, नट एवढ्या ताकदीने आवळलेला. आता आणखी काय बदलू? मला बदलून टाक!

ह्यांनी बघितलं मला. बघून मान फिरवली. मला एवढा राग आला की जेवण वाढून मी आत निघून गेले.

१० डिसेंबर, मंगळवार

आनंदा फोनवर म्हणतो, आतले आटे गेले असणार. सगळं उघडावं लागेल, आठ दिवस तरी. आठ दिवस! परवा पाणी.

सगुणकडे गेले, ट्रॅक्टर त्याच्याकडेही आहे. होय, गेले. गिळला सगळा मान. म्हटलं, घे अर्देलीने, पण उद्या नांगर. म्हणाला, "आतां खंय वयनी? म्हजे दीस आदींच दुसऱ्यांक दिल्यात." बायको आतून बघत होती. परत येताना आमच्या शेतातून आले. गवत गुडघ्याला लागतंय. शेजारच्या गुंडू भावजींच्या शेतात ढेकळं काळी, ओली, वास सुटलेला. उभंच राहवलं नाही तिथं.

पुन्हा आनंदाला फोन लावला. तो तरी काय करणार बिचारा. म्हणाला, "वैनी, नट आवळा, कोरडा पुसा, वरनं तांदळाचं पीठ मारा. जिथनं ऑइल येतंय तिथलं पीठ पहिलं भिजतंय. बघून सांगा मला." ऑइल उद्या दुपारी मिळेल. शेवटचं करून बघते. नाही झालं तर त्या पाटाचं तोंड मीच बुजवीन, दुसऱ्याच्या हातून नको.

११ डिसेंबर, बुधवार

दुपारी ऑइल भरलं, नट आवळला, पुसला, पीठ मारलं. चालू करून बघितला — थेंब नाही! डिझेल आणायला तेवढी गेले. अर्धा तास.

आले तर पिठात चार बोटं उमटलेली. नट पाऊण फेरा उघडा. पाना खुर्चीखाली, आणि ह्यांच्या डाव्या हाताला, लुंगीला पीठ.

अशी ओरडले की सुशीला कुंपणाला आली. तिला परत पाठवलं. म्हटलं, "माझ्या हातात ट्रॅक्टर बघवत नाही तुम्हाला?" त्यांनी जोरजोरात मान हलवली. नाही. नाही. मग माझं मनगट धरलं आणि मला खाली, आपल्या बाजूला बसवलं.

नऊ दिवस घरी असेन तेवढा वेळ मी इथंच बसले, त्यांना विचारत. त्याच्या आधी वर्षभर? जेवण झाकायचं, टीव्ही लावून द्यायचा, निघायचं. हा नट टिकला की उद्यापासून पुन्हा तेच.

नांगरायला दोन तास लागतात. उजेडही तेवढाच उरलाय. एक हात त्यांनी धरलाय, दुसऱ्याने हे लिहितेय.

उठायला हवं.