डोंबिवली फलकाचे माझ्यामागे काय करावे

मी, श्रीमती मंदाकिनी सुधीर तळवडेकर, वय ५७ वर्षे, निवृत्त पंच ऑपरेटर, राहणार मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्यावर शस्त्रक्रिया आहे. तक्रार हृदयाची आहे, डोक्याची नाही. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी भाची मंजुळा तीनदा म्हणाली, "मावशी, आत्ता कशाला हे अभद्र?" यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि माझी आई आवडाबाई हिच्या कानातल्या सोन्याच्या कुड्या मंजुळाला द्याव्यात. आईने ठाण्याच्या बाजारात मासळी विकून त्या केल्या होत्या. मंजुळाने त्या मोडू नयेत. घालायच्या नसल्यास नुसत्या ठेवाव्यात. या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच राहील.

२. बाहेरच्या खोलीतील संगणक, मोडेम, टेलिफोनची जोडणी आणि फ्लॉप्यांचे चार डबे मी कल्याणच्या कु. कलावती म्हसकर यांना देत आहे. यालाच "डोंबिवली फलक" म्हणतात. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे पती सुधीर यांनी १९९३ साली तो सुरू केला. प्रोग्रॅमिंग शिकणारा माणूस आपल्या संगणकावरून आमच्या घरी फोन लावी. फोन आमचा संगणक उचले. मग तो आपला प्रश्न लिहून ठेवी आणि इतरांची उत्तरे वाची. एका वेळी एकच माणूस. त्याने फोन ठेवला की पुढचा. असे दीडशेच्या वर लोक होते, आणि बहुतेकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नव्हते.

मी त्यातली नव्हते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्याच्या कचेरीत मी सव्वीस वर्षे संगणकासाठी कार्डे पंच केली, म्हणजे आकड्यांची भोके पाडली. समोरचा आकडा बोटांतून उतरवायचा, अर्थ विचारायचा नाही, ही सवय. सुधीर त्याच कारखान्यात विजेचे काम बघत. फलक सुरू झाल्यावर ते म्हणत, "अगं, बस ना इथे. तुझ्यासारखी बोटं माझी असती तर!" मी म्हणायची, "आयुष्यभर तेच केलं, आता पुरे." बसले नाही. याचे मला वाईट वाटते, आणि ते वाटणे कोणाच्या नावावर करता येत नाही.

३. फलक आज जो आहे तो दुसऱ्यांदा उभा केलेला आहे. पहिला नष्ट झाला. त्याची हकीकत लिहिल्याशिवाय पुढचे कलम समजणार नाही.

सुधीर फेब्रुवारी १९९६ मध्ये अचानक गेले. फलकाला फोन येतच राहिले. मी मोडेम काढून ठेवला होता, म्हणून फोन मीच उचलायची आणि कानात नुसती कर्कश शिट्टी. पलीकडे माणूस नाही, दुसरे मशीन. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. पंधराव्या दिवशी मी संगणक आणि फ्लॉप्या घरातून काढल्या. धाकटे दीर बाबुराव यांच्या वर्कशॉपला त्यांचा उपयोग होता. त्यांनी तिथल्या माणसाकडून सगळे पुसून घेतले. तीन वर्षांचे निरोप गेले.

एप्रिलमध्ये पोपट जाधव नावाचा माणूस विठ्ठलवाडीहून पत्ता शोधत आला. दारातच म्हणाला, "तळवडेकर सर आहेत का? फोन लावतोय तर मशीन उचलतच नाय."

मी सांगितले. तो जिन्यातच बसला. म्हणाला, "दोन वर्षं रोज बोललोय मी त्यांच्याशी. बघायचं राहूनच गेलं." मग विचारले, "त्यांची उत्तरं तरी वाचायला मिळतील का?"

मी म्हटले, "ती गेली. माझ्या दिरांनी पुसली."

पुढच्या रविवारी पोपट पाठीवर गोणी घेऊन आला. तो एका गोदामात कारकून होता. फोनवर वाचत बसणे परवडत नाही म्हणून तो निरोप संगणकात उतरवून घेई आणि कचेरीतल्या प्रिंटरवर छापून शांतपणे वाची. दोन्ही कडांना भोके असलेल्या त्या लांबच लांब कागदाचे ढीग त्याने माझ्या जमिनीवर मांडले. पहिलाच कागद उचलला, त्यावर सुधीर होते. कोणाचा तरी प्रोग्रॅम चालत नव्हता. यांनी लिहिले होते: "छोटे उत्तर: सातव्या ओळीत अर्धविराम राहिला. मोठे उत्तर: माझाही राहतो. घरात एक व्यक्ती आहे जिचा कधीच राहणार नाही, पण ती माझ्या यंत्रापाशी बसत नाही."

मे महिन्यात संगणक घरी परत आला. मी त्याच दिवशी बसले.

अकरा महिने लागले. पोपटने आठवतील त्या सगळ्यांना पोस्टकार्डे टाकली. कोणी फ्लॉपी पाठवली, कोणी वहीत उतरवलेली उत्तरे. कलावती कल्याणला संगणकाचा वर्ग चालवते; ती फलकावरचीच. फलक उभारायचे तिने मला शिकवले. रिबन फिकी झालेल्या कागदावर स्वल्पविराम की अर्धविराम हे कळत नसे, तेव्हा ती प्रोग्रॅम चालवून बघे आणि मग मी टाइप करी. सव्वीस वर्षांत न विचारलेला अर्थ मी तिला रोज विचारत होते. सात हजारांपैकी चार हजार दोनशे बारा निरोप मिळाले. उरलेल्यांच्या जागी क्रमांक टाकून "हा निरोप सापडला नाही" असे लिहिले. काहींनी आठवून लिहून पाठवले, त्यांवर "आठवणीतून" अशी खूण केली. एका ठिकाणी सुधीर साफ चुकले होते आणि कलावतीनेच त्यांना तेव्हा सुनावले होते. तिला ते आता काढून टाकायचे होते. मी म्हटले, "राहू दे. ते चुकले होते, आणि तू बरोबर होतीस." तिने चष्मा पुसला आणि पुढचा कागद घेतला. १९९७ च्या गुढीपाडव्याला फोन पुन्हा मशीनने उचलला.

४. हे कलम कोणतीही मालमत्ता देत नाही, तरी ते गाळू नये.

मी कोळीवाड्यातली आणि सुधीर कोकणातल्या देशमुखी घरातले, म्हणून आमच्या लग्नाला त्यांच्या घरून फक्त बाबुराव आले होते. बाकीच्यांविषयी मी काही लिहीत नाही. तेवढी जागा त्यांना देत नाही. पण बाबुरावांविषयी लिहिते. संगणक नेताना त्यांनी मला विचारले होते, "वहिनी, यातलं काही ठेवायचंय का? दादाचं बरंच काही असेल." मी म्हटले, "काही नको. सगळं पुसून टाका." हे माझे शब्द आहेत. पोपटला मी जे सांगितले ते अर्धेच होते. पुढे ते अर्धेच दीडशे लोकांत पसरले. फलकावर त्यांच्याविषयी वाईट लिहिले गेले, तेही मी वाचले आणि गप्प राहिले. त्याआधी, १९९६ च्या मे महिन्यात, त्यांनी स्वतः संगणक दोन मजले चढवून परत आणून दिला आणि म्हणाले, "चुकलंच माझं वहिनी." मी त्यांना चहा दिला. खरे बोलले नाही. ते विसरले असतील असे मला वाटले, आणि मला ते सोयीचे होते.

हे कलम मी हयात असतानाच फलकावर टाइप करणार आहे. ते तिथून कोणी काढू नये.

५. पोपट जाधव यांना त्यांचे कागद परत द्यावेत. शिवाय सुधीर यांची टेबलखुर्ची द्यावी. ते अजून जमिनीवर बसून काम करतात.

६. आता घरोघर इंटरनेट येणार आणि असले फलक बंद पडणार, असे कलावती सांगते. पडू द्यावा. कोणी त्याला ओढून जगवू नये. पण बंद करताना सर्व निरोपांच्या तीन प्रती तीन घरी ठेवाव्यात, आणि दर वर्षी एकदा त्या उघडतात का हे पाहावे. पुसून टाकण्याचा अधिकार मी कोणालाही देत नाही.

७. साक्षीदाराला काही ठेवू नये असा वकिलांचा सल्ला आहे. म्हणून बाबुराव भाऊजींना मी काही ठेवलेले नाही. त्यांच्याकडे सही तेवढी मागितली आहे.

वरील मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: डोंबिवली
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९८

(सही) मंदाकिनी सुधीर तळवडेकर

साक्षीदार:

१. (सही) डॉ. सरोज वैती, डोंबिवली. मृत्युपत्र करणारी पूर्ण शुद्धीत आहे. आवाज चौथ्या कलमापाशी थांबला, तो आजाराने नाही.

२. (सही) बाबुराव अनंत तळवडेकर, ठाणे. "पुसून टाका" हे वहिनी म्हणाल्या होत्या, मी विसरलो नव्हतो. त्या दिवशी दादाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. अशा वेळी त्यांचे ऐकायला नको होते, डिस्क कपाटात ठेवून द्यायला हवी होती. चुकले म्हणालो ते म्हणूनच. हेही टाइप करावे.