चलत्या क्वार्टरच्या खिडक्या

बाबा, आज रविवार, सकाळचे साडेसात वाजले आहेत. इंद्रपुरीतल्या खोलीबाहेर ओट्यावर बसून थिनरच्या बोळ्याने हाताचा रंग काढत होतो. उजवा हात झाला, डावा राहिला, आणि तसाच लिहायला बसलो. तासाभरापूर्वी काका आणि काकू त्यांच्या गाडीतून पचमढीला निघाले. ती गाडी तुम्ही विसरला नसाल. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सगळे तिला 'चलता क्वार्टर' म्हणायचे. ती या वेळी मी रंगवली. रंगवली, सील केली, आणि आता ती गळत नाही. एवढंच सांगायचं असतं तर आईला सांगून भागलं असतं. पण त्या गाडीत मला तुमचं काहीतरी सापडलं आहे, आणि ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

काका म्हणजे तुमचे साहेब. तुम्ही त्यांना शेवटपर्यंत साहेबच म्हणालात, मला मात्र काकूंनी लहानपणीच 'काका म्हण' म्हणून सांगून ठेवलं होतं. कारखान्याच्या लिलावात निघालेली जुनी मिनीबस त्यांनी घेतली, आतल्या सीटा काढून दोन बाकं, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवली, तेव्हा मी दुसरीत होतो. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या माणसाने सुट्टीत घर बनवायला घेतलं म्हणून सगळी कॉलनी बघायला यायची. बाहेरचं काम तुमच्याकडे होतं. मला ते रविवार अजून जसेच्या तसे दिसतात. काकांच्या क्वार्टरसमोर गुलमोहराखाली ती गाडी उभी आहे, तुम्ही खाकी अर्ध्या चड्डीत स्टुलावर चढला आहात आणि खिडक्यांच्या कडेने पुट्टी भरता आहात. पुट्टीत चिमूटभर रेड ऑक्साइड मिसळायची तुमची सवय. पुट्टी गुलाबी व्हायची. मी विचारतो, गुलाबी कशाला, वरून क्रीम रंगच तर द्यायचा आहे? तुम्ही म्हणता, "कुठं भरलं अन् कुठं राहिलं, ते आपल्याला तर दिसलं पाहिजे." मग निळा पट्टा. मास्किंग टेप न लावता, नुसत्या हाताने, या चाकापासून त्या चाकापर्यंत. ओढून झाल्यावर तुम्ही खाली उतरून लांब जाऊन उभे राहता, आणि काका बाहेर येऊन म्हणतात, "वा! फुटपट्टी गिळली आहेस का रे?"

तुमच्याबद्दल मी आजवर ऐकत आलो ते हेच. बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होतो. शाळा तिथेच सुटली. क्वार्टर सोडावं लागलं, आम्ही इकडे आलो, आणि मी मंडीदीपला एका बॉडी-पेंटच्या वर्कशॉपमध्ये लागलो. जिथे गेलो तिथे कुणीतरी तुम्हाला ओळखणारं निघायचंच, आणि मला बघून म्हणायचं, "इसके पिताजी के हाथ से कभी एक बूँद नहीं टपकी." माणसं चांगल्या मनाने म्हणायची. पण मी घरी येऊन दिवसाचं काम डोक्यात पुन्हा पहिल्यापासून करायचो. कोपरा राहिला का, सँडपेपर नीट घासला का, प्राइमर पूर्ण वाळला होता का. अजून करतो. कुलूप लावून परत ओढून बघतो. कुणाच्या दुकानाची पाटी लिहायची असली तर आधी तीनदा कागदावर लिहून वाचतो. वर्कशॉपमधले लोक मला 'इन्स्पेक्शन' म्हणतात. मागच्या वर्षी त्यांची नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, बाग सेवनियात एका डेंटरच्या शेडमध्ये अर्धी जागा घेऊन. तो पत्रा ठोकतो, मी रंग मारतो.

गणपती गेले त्याच आठवड्यात काका गाडी घेऊन शेडवर आले. आता हळू चालतात, पण गाडी स्वतः चालवतात. काकू मागच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर प्लॅस्टिकचा टब. मी म्हटलं, टब कशाला काकू?

"गळतं तिथं धरायला," काकू म्हणाल्या. "याच्यापायी तीन शाली वाया गेल्यात माझ्या. मी यांना सांगून टाकलंय. ही शेवटची डागडुजी. या खेपेला गळली तर भंगारात. भाव पण विचारून आलेय मी."

"खरंच विचारून आलीय," काका म्हणाले. हसत होते, पण हात बोनेटवर होता, आपण म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या वडिलांनी रंगवली होती, म्हणून तुझ्याकडे आणली. मला हिच्यातून अजून थोडं हिंडायचंय रे. सगळं सील कर. सुईच्या टोकाएवढं भोक राहता कामा नये."

तेही तुमचीच भाषा बोलत होते. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी घरच्यांना कारखान्यात सोडायचे, तेव्हा तुम्ही मला तुमच्या शॉपमध्ये, तुम्ही काम करायचा त्या शेडमध्ये, नेलं होतं. झेंडूच्या माळा घातलेली ट्रान्सफॉर्मरची एक प्रचंड टाकी, आत दाबाने हवा भरलेली. तुम्ही माझ्या हातात साबणाच्या पाण्याचा ब्रश दिलात आणि वेल्डिंगवरून फिरवायला सांगितलंत. एका जागी बारीकसा फुगा आला. मी ओरडलो. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, "यातनं उद्या तेल पाझरलं असतं. भोक दिसलं की बंद करायचं. ते का आहे, मग विचारायचं." घरी येताना मी रस्ताभर हे वाक्य घोकत आलो होतो.

म्हणून मीही तसंच केलं. वर्षानुवर्षं काकांनी सांध्यांवर डांबर, सिलिकॉन, काय काय थापलेलं होतं. ते सगळं पट्टीने खरवडून काढलं. छताचे रिव्हेट बदलले. खिडक्यांखालची लोखंडी पट्टी गंजून पापडासारखी झाली होती, ती डेंटरने कापून नवी वेल्ड केली. लोखंडाला रेड ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनियमला त्याचा वेगळा प्राइमर, सांध्यांत नवं सीलंट, वरून क्रीम रंगाचे दोन हात. काकांनी सांगितल्याप्रमाणे खिडक्यांच्या चौकटी बाहेरून चारी बाजूंनी बंद केल्या. पाइप लावून तासभर पाणी मारलं. आत शिरून मी प्रत्येक कोपऱ्यात कोरडा कागद दाबून बघितला. एक थेंब नाही. काका एवढे खूश झाले की डेंटरसाठी आणि माझ्यासाठी स्वतः जाऊन समोसे घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी काकूंना बसवून एक फेरी मारू म्हणून निघालो. काका चालवत होते, मी मागे उभा. बाजाराच्या चौकात गाडी डावीकडे वळली आणि खिडकीतून चांगलं फुलपात्रभर पाणी काकूंच्या खांद्यावर आलं. ऊन पडलेलं, आभाळात ढग नाही, आणि काकू भिजलेल्या. त्या ओरडल्या नाहीत, हेच वाईट. पदराने मान पुसत म्हणाल्या, "बघा. पाऊस पडतो तेव्हा कध्धी गळत नाही ही. दुसऱ्या दिवशी, वळणावर. सगळं विसरून निवांत बसलं की!" काकांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "झालं. त्या भंगारवाल्याचा नंबर दे."

मी म्हटलं, काका, आजचा दिवस द्या. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका ठाम होता. कारण काकूंचं बोलणं माझ्या डोक्यात अडकलं होतं. पाऊस पडताना गळत नाही, दुसऱ्या दिवशी गळतं. म्हणजे पाणी आत येतं हा त्रास नव्हताच. सरकत्या खिडकीत पाणी थोडं तरी शिरणारच. आलेलं पाणी जात नव्हतं. कुठेतरी साठून बसत होतं आणि गाडी कलली की उलटत होतं.

गाडी शेडवर आणून, काकू बसल्या होत्या तिथली खिडकी उतरवली. काच ज्या पन्हळीतून सरकते तिच्या तळाला, मखमली पट्टीखाली, पाण्याने डबकं केलं होतं. ते बोळ्याने टिपल्यावर पन्हळीच्या बाहेरच्या कडेला आतून तीन ठिपके दिसले. गुलाबी. मी टाचणीने टोकरलं तर पुट्टी. टोकरत गेलो तर आरपार भोकं, करंगळीचं नख जाईल एवढी, बस-बॉडीवाल्याने खिडकी बनवतानाच पाडलेली, पाणी बाहेर पडावं म्हणून. दुसरी खिडकी उतरवली. तीन गुलाबी ठिपके. तिसरी. तीन. प्रत्येक ठिपका बाहेरून बोटाने गुळगुळीत केलेला, आणि त्यावर तुमचा पहिला क्रीम रंग. डेंटर खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला पुट्टी कुणाची ते माहीत नव्हतं. तो खो खो हसला आणि त्याच्या नेहमीच्या पालुपदाने सुरू झाला. "को खां, ये गाड़ी है के ट्रांसफार्मर? पानी को अंदर बुला लिया और दरवाजा बंद!"

मीही हसलो, बाबा. आधी हसलो आणि मग मला कळलं की मी कशाला हसतो आहे. मी जमिनीवर मांडी घालून बसलो. इतकं स्वच्छ काम होतं ते. एकाही भोकात हवेचा बुडबुडा नाही. तुम्ही एकही सोडलं नव्हतंत. तुम्ही सोडणारच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर तेल आत राखलं, त्याला गाडीतसुद्धा भोक म्हणजे दोषच दिसणार. काकांनाही तेच दिसलं, आणि काल-परवापर्यंत मलाही. दरवर्षी गळायची, दरवर्षी काका आणखी थापायचे, आणि दरवर्षी पाणी आणखी पक्कं कोंडलं जायचं.

काकांना बोलावून दाखवलं. लपवायचं मनात आलं नाही असं नाही. पुट्टी उकरून टाकली असती तर कुणाला काय कळणार होतं? पण मी म्हणालो, काका, ही बाबांची पुट्टी आहे. पाणी जायची वाट त्यांनी बुजवली होती. काकांनी चष्मा वर केला, गुलाबी चुरा चिमटीत घेऊन कुस्करला. त्यांच्या तोंडावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग ते म्हणाले, "त्याने नाही रे. मीच सांगितलं असणार त्याला. तो हुकमाबाहेर काही करायचा नाही."

"तुम्हीच सांगितलं असेल," काकू टबात पाय ठेवून बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. "कुंडीला भोक असतं का नसतं? मला विचारायचं होतं. तीन शाली!"

पुढचं काम मी काकांना न विचारता केलं. सगळी भोकं मोकळी केली, कडा घासून त्यांना आतून रंग दिला, म्हणजे गंज धरणार नाही. चौकटीची खालची बाजू बाहेरून बंद केली होती, तिथलं माझं स्वतःचं नवंकोरं सीलंट कापून काढलं. खालच्या लोखंडी पट्टीलाही उताराच्या बाजूने वाट ठेवली. काका दोनदा म्हणाले, "बघ हं, उघडं ठेवतोयस," आणि मी दोन्ही वेळा म्हणालो, हो, ठेवतोय. निळा पट्टा मी टेप लावून मारला. तुमच्यासारखा हात मला नाही, आणि टेपची रेघ सरळ येते. काल पुन्हा पाइप लावला. पाणी खिडक्यांत शिरलं, आणि क्षणभराने प्रत्येक खिडकीखालून तीन-तीन बारीक धारा बाहेर पडायला लागल्या. काकू गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "आता कशी शहाण्यासारखी गळतेय." मग काकांनी चौकाच्या त्याच वळणावर गाडी घेतली, मुद्दाम जोरात. काकूंचा खांदा कोरडा. आज सकाळी निघताना टब त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे, रंग कालवायला."

गाडी होशंगाबाद रोडला लागेपर्यंत मी उभा होतो. रात्रीपासून एकच विचार करतो आहे. काकांनी खरंच सांगितलं होतं, की तुम्ही गेलेले आहात म्हणून ते तुमची चूक आपल्या अंगावर घेत होते? मी विचारलं नाही. विचारणारही नाही. घरी आलो तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "गेले का ते? तुझ्या बाबाच्या हातचं काम होतं, कसं निघालं?" मी म्हटलं, चांगलं होतं, आई. एका ठिकाणी चुकले होते बाबा. लाटणं थांबलं. मला वाटलं, तिला लागलं. ती म्हणाली, "एकाच?" आणि हसायलाच लागली, पिठाच्या हाताने तोंड झाकून, खांदे हलेपर्यंत. "एकाच ठिकाणी म्हणून राहिला! अरे, आपल्या मोरीची फरशी त्यानं लावली होती, आठवते का? सगळं पाणी दाराकडं! पंधरा वर्षं मी झाडूनं लोटलं अन् कुणाला बोलली नाही."

मला आठवत नव्हतं, बाबा. मला तुमच्या रेघा तेवढ्या आठवत होत्या. म्हणून हे पत्र. पाठवण्यासारखा पत्ता असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही लगेच खुलासा केला असतात, साहेबांचा हुकूम होता म्हणाला असतात, आणि मला तो ऐकायचा नाही. ती भोकं तुम्हीच बुजवलीत, आपल्या बुद्धीने, असं मी धरून चाललो आहे. त्याने मला फार बरं वाटतं.