तिला शिकवलंत, मला नाही

अब्बा,

जेद्द्याजवळच्या ओभूरच्या त्या समुद्रावरच्या घराबद्दल आपण दोघं नंतर कधीच बोललो नाही. गावी परतल्यावर कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "कफीलाने निघताना आपलं शालेह दिलं दोन दिवस, मुलींनी मजा केली." मी तिथेच असायचे आणि गप्प बसायचे. आज गप्प बसणार नाही. तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, तर त्याचा फायदा मला घेऊ द्या.

चष्म्याच्या दुकानांत आता सौदीच बसले पाहिजेत, असा हुकूम निघाला तेव्हा तुम्ही शराफिया मोहल्ल्यातल्या त्या दुकानात माझ्या जन्माच्याही आधीपासून होतात. कफीलाने, तुमच्या सौदी मालकाने, तुम्हाला शेवटचं काम दिलं, त्याच्या भाचीला सगळं शिकवायचं. तुम्ही रोज घरी येऊन जेवताना अम्मीला तिच्याबद्दल सांगायचात. "पोरगी हुशार आहे. आज काच घासली, पण कड कुठे उडाली नाही." तुमच्या आवाजात कौतुक असायचं. माझी भाकरी ताटातच राहायची. मी नववीत असताना तुम्हाला विचारलं होतं, सुट्टीत दुकानात येऊ का, मला मशीन शिकवाल का? तुम्ही हसला होतात. "दुकान काय मुलींची जागा आहे?" आता मी बारावी होऊन घरात बसून होते, आणि तुमच्याच दुकानात एक मुलगी तुमच्याकडून तुमचंच काम शिकत होती.

शालेह छान होतं, ते मी नाकारत नाही. बुटकं पांढरं घर, पुढे ओटा, ओट्याच्या पायरीला लागून वाळू आणि लगेच पाणी. इतकी वर्षं जेद्द्यात राहून आपण समुद्र पाहिला तो कॉर्निशच्या किनाऱ्यावर चटई टाकून, संध्याकाळपुरता. इथे खिडकी उघडली की खारा वारा थेट स्वयंपाकघरात. अम्मी तर हरखून गेली. तिने त्या परक्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, नारळाचं कालवण केलं, आणि म्हणाली, "अगदी श्रीवर्धनला बसल्यासारखं वाटतंय." धाकटी बुरख्यासकट कमरेइतक्या पाण्यात जाऊन किंचाळत होती, आणि तुम्ही ओट्यावरून, "पुढे नको, पुढे नको," करत होतात. नोकरी गेलेला माणूस तुमच्यात दिसत नव्हता. तेही मला सहन होत नव्हतं.

शुक्रवारी जुम्म्यानंतर कफीलाची ती भाची आली. स्वतः गाडी चालवत. शेजारी तिची आई, मागच्या सीटवर कबश्याचं, मटण-भाताचं, मोठं ताट. तिथल्या बायकांना गाडी चालवायची मुभा मिळून काही महिनेच झाले होते, त्यामुळे अम्मी दारातून तिच्याकडे पाहतच राहिली. परक्या बायका आल्या म्हणून तुम्ही रिवाजाप्रमाणे बाहेर जायला उठलात. तिची आई म्हणाली, "बसा, उस्ताद. तुमच्यासाठीच तर आलोय." सगळे जमिनीवर अंथरलेल्या सुफऱ्यावर जेवायला बसले. ती पोरगी तुमच्याकडे बघून, आपण केलेल्या पहिल्या चष्म्याची गोष्ट सांगत होती, आणि तुम्ही मान डोलावत होतात. बापच जणू.

मी मराठीत विचारलं, "हिला शिकवलंत. मला का नाही शिकवलं?"

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पाहुणे बसलेत. जीभ आवर."

तिला काही कळलं नाही, पण तुमचा चेहरा दिसला. तिने विचारलं, काय म्हणाली ती? आणि तुम्ही, अब्बा, सरळ अरबीत सांगितलंत की जेवण फार छान झालंय, असं म्हणतेय.

एवढी अरबी मला येत होती. मी शाळेतल्या इंग्रजीत तिला खरं काय ते सांगितलं. तिने हातातला घास परत ताटात ठेवला आणि तुम्हाला विचारलं, "लेश, या उस्ताद?" का, उस्ताद?

तुम्ही उठलात, ओट्यावरून खाली गेलात, आणि पँटसकट पाण्यात जाऊन उभे राहिलात, आमच्याकडे पाठ करून. अम्मीने पाहुण्यांना भात वाढला. नंतर भांडी विसळताना ती मला हळूच म्हणाली, "विचारलंस ते बरं केलंस." तुमच्या विरोधात तिने काढलेला तो मी ऐकलेला पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी सामान भरताना तुम्ही मला गाठलंत. "परक्यांसमोर मला मान खाली घालायला लावलीस."

"मग आता सांगा. आता परकं कुणी नाही."

तुम्ही बॅगेची चेन ओढून बंद केलीत. मग म्हणालात, "दुकानात आलेला माणूस तुझ्याकडे कसा बघेल, मला माहीत आहे."

"आणि तिच्याकडे?"

"तिचा मामा मालक आहे. तुझा बाप नोकर आहे."

कारण खरं होतं. तुम्हाला ते बोलताना किती जड गेलं, तेही मला दिसलं. तरी मी ते तेव्हा मानलं नाही आणि आजही मानत नाही. भीती तुमची होती, अब्बा. ती तुम्ही माझ्या अंगावर घातलीत आणि तिला माझी अब्रू म्हणालात.

गावी येऊन तुम्ही दोन वर्षंही काढली नाहीत. तुमच्या मागे चाचांनी माझ्या लग्नाचं काढलं. मी मुंबईला जाऊन डोळे तपासायचा कोर्स केला. आता तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे, आणि पाटीवर माझं नाव आहे, तुमचं मुद्दाम घातलेलं नाही. काच मीच घासते. हाताखाली दोन मुली शिकतात. तुम्ही म्हणाला होतात तसा माणूसही एकदा आला. नंबर तपासताना नको ते बोलला. मी मशीन बंद केलं, दार उघडून धरलं, आणि भर बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला बाहेर हो म्हटलं. तो गेला. दुकान आहे तिथेच आहे. एवढ्याशा गोष्टीला तुम्ही आयुष्यभर घाबरलात.

हे कुठे पाठवायचं नाही. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं, तोंडावर बोलले असते. फक्त एक गोष्ट तोंडावर बोलता आली नसती. नववीतल्या त्या सुट्टीत मला काचांचं आणि मशीनचं काहीही पडलेलं नव्हतं. तुम्ही दिवसभर तिकडे असायचात, आणि मला तुमच्याजवळ बसायचं होतं.